शेजाऱ्याने उतार कापला, घर काठावर आलं

चाळीसगावच्या एका ताईंचा प्रश्न, थोडक्यात: "गावाबाहेरच्या एनए लेआउटमध्ये आमचं घर १२ वर्षांपासून आहे. आमचा प्लॉट वरच्या अंगाला, शेजाऱ्यांचा खाली. मध्ये सात फुटांचा मुरमाड उतार होता. बाग करायची म्हणून आम्ही आमच्या बाजूला तीन फूट भराव टाकला आणि त्यावर कंपाउंड बांधलं. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली आणि शेजाऱ्यांनी जेसीबी लावून तो उतार हद्दीपर्यंत उभा कापला. मुरूम ट्रॅक्टरने कुठे गेला माहीत नाही. आता कंपाउंडला भेगा पडल्यात. विचारायला गेलो तर म्हणतात, 'मनी जागा शे, मी काय बी करसू.' पावसाळा तोंडावर आलाय. भिंत त्यांनी बांधायची की आम्ही?"

ताई, तुमच्या शेजाऱ्यांचं वाक्य अर्धंच खरं आहे. जागा त्यांची आहे, पण म्हणून तिथे वाटेल ते करता येत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये याचंच उदाहरण दिलं आहे: प्रत्येक जमीनमालकाला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क असतो. तो विकत घ्यावा लागत नाही आणि खरेदीखतात लिहिलेला असावा लागत नाही. जमिनीबरोबरच तो येतो. उतार कापून शेजाऱ्यांनी हाच आधार काढून घेतला आहे.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगतो. त्याच कलमात एक स्पष्टीकरण आहे. हा हक्क 'नैसर्गिक स्थितीतल्या' जमिनीला आहे, म्हणजे जी खोदलेली नाही आणि जिच्यावर कृत्रिम भार टाकलेला नाही. तुमचा तीन फूट भराव, त्यावरचं कंपाउंड आणि घर हा सगळा कृत्रिम भार. अशा भारासह आधार मिळण्याचा हक्क कलम १५ नुसार २० वर्षं शांतपणे, विनाखंड आधार घेतल्यावर पक्का होतो. तुमची १२ झाली आहेत. समोरचे वकील पहिल्याच तारखेला हेच मांडतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

म्हणून केस हरली असं मात्र समजू नका. सगळी केस एका प्रश्नावर उभी राहील: वरचा भराव आणि बांधकाम नसतं, तरी हा उभा कापलेला मुरूम ढासळला असता का? उत्तर 'हो' असेल तर तुमचा नैसर्गिक हक्कच मोडला आहे, आणि जमिनीबरोबर घराला झालेलं नुकसानही मागता येतं. या प्रश्नाचं उत्तर वकील देऊ शकत नाही. ते स्ट्रक्चरल किंवा माती-तपासणीच्या इंजिनिअरने जागेवर येऊन, मोजून, लेखी द्यायचं असतं. वकिलाची फी देण्याआधी हा खर्च करा. असा अहवाल नसताना नोटिसा झाडत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. वर्षभराने भिंत पडते आणि मग ती कशाने पडली यावर दोन्ही बाजूंकडे नुसते तर्क उरतात.

त्या इंजिनिअरला भरावाबद्दल अवश्य विचारा. माती भिंतीला ज्या जोराने रेटते तो जोर साधारणपणे उंचीच्या वर्गाने वाढतो. ७ चा वर्ग ४९, १० चा १००. म्हणजे तुमच्या तीन फुटांनी भिंतीवरचा रेटा दुपटीच्या वर गेला. भिंत कोणी बांधायची, याचं माझं प्रामाणिक उत्तर इथेच आहे. सात फुटांचा नैसर्गिक उतार त्यांनी कापला, त्याला थोपवण्याची जबाबदारी त्यांची. वरचे तीन फूट तुमचे, तो वाढीव खर्च तुमचा. खर्च नुसता फुटांच्या हिशोबात ७:३ असा वाटाल, तर शेजाऱ्यांवर अन्याय होईल. सात फुटी भिंतीला किती लागतात आणि दहा फुटीला किती, अशी दोन अंदाजपत्रकं करून घ्या. दोन्हींतला फरक तुमचा. भराव काढून टाकला तर हा वादच संपतो. बागेवर जीव असेल, मला समजतं, पण काठापासून निदान काही फूट तो मागे घ्याच. फक्त इंजिनिअर पाहून जाईपर्यंत आणि फोटो निघेपर्यंत काहीही हलवू नका. फोटो-व्हिडिओ ज्या मोबाईलवर काढाल तो जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

पाण्याचंही तसंच. वरच्या प्लॉटवर पडलेलं पावसाचं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहिलं तर खालच्याने ते येऊ द्यायचं असतं, हेही कलम ७ मध्येच आहे. पण गच्चीचं पाणी पाइपने गोळा करून काठावर सोडणं त्यात बसत नाही. तुमचा शोषखड्डा कुठे आहे हे पत्रात नाही. तो काठाजवळ असेल तर आधी तो हलवा. वर काळ्या मातीचा थर असेल तर उन्हाळ्यात ती भेगाळलेली असते. पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून थेट आत उतरतो, माती फुगते आणि रेटा वाढतो. भिंत कोणीही बांधो, तिच्यामागे दगडगोट्यांचा थर आणि भिंतीत पाणी निघायला छिद्रं असलीच पाहिजेत. पाणी कोंडलेली नवी कोरी आरसीसी भिंतही झुकते.

आता घाईचा भाग. आधार काढून घेतला म्हणून नुकसानभरपाई लगेच मागता येत नाही; सुविधाधिकार अधिनियमाचं कलम ३४ म्हणतं की प्रत्यक्षात भरीव नुकसान व्हायला हवं. हे वाचून लोक थांबतात आणि तिथेच चुकतात. भरपाईला थांबावं लागतं, मनाई हुकमाला नाही. खोदकाम पुढे गेलं तर तुमचा हक्क मोडणारच असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ३५ नुसार ते आधीच थांबवता येतं. दिवाणी न्यायालयात दावा लावून त्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या. आधार परत उभा करून द्या, असा आदेशही विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३९ खाली मागा. जागा पाहायला कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. उन्हाळी सुट्टी आहे म्हणून थांबू नका, तातडीच्या कामाला सुट्टीतलं न्यायालय असतं.

त्याच आठवड्यात नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दात जमिनीतली खोदाईसारखी कामंही येतात. परवानगीशिवाय काम चालू असेल तर कलम ५४ खाली ते थांबवण्याची नोटीस देता येते. प्लॉट नगरपरिषदेच्या हद्दीत नसेल तर परवानगी देणारं कार्यालय वेगळं असेल, अर्ज तिथे द्या. मुरूम बाहेर विकला असेल तर गौण खनिजाची तक्रार तहसीलदारांकडे होऊ शकते, जमीन महसूल संहितेचं कलम ४८(७) त्यासाठीच आहे. पण खरं सांगू? त्या दंडाचा पैसा सरकारजमा होतो, तुमची भिंत त्यातून उभी राहत नाही, आणि समेटाची वाट मात्र बंद होते. मी असतो तर ती तक्रार शेवटी ठेवली असती.

उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज मात्र आजच करा. उतार असलेल्या जागी हद्द नेमकी माथ्यावर की पायथ्याशी, हे बहुतेकांना माहीतच नसतं. जेसीबी हातभर जरी तुमच्या हद्दीत आला असेल तर आधाराचा सगळा युक्तिवाद दुय्यम ठरतो. मग तो सरळ तुमच्या जमिनीवरच्या अतिक्रमणाचा दिवाणी दावा होतो आणि १२ वर्षं की २० हा हिशोबच लागत नाही. भिंतीचा पाया कोणाच्या जागेत किती जाईल हेही मोजणीशिवाय ठरणार नाही.

शेजारी बोलायला तयार झाले तर तोंडी ठरवू नका. भिंत कोणाच्या जागेत, खर्च कसा, पाणी कुठे काढायचं, पुढची डागडुजी कोणी करायची, हे सगळं लिहून नोंदणीकृत करा. डागडुजीचं वचन उद्या प्लॉट विकत घेणाऱ्याला आपोआप बांधत नाही. खरेदीखतात ते उतरवायची अट आत्ताच घाला. दावा दाखल असेल तर तीच तडजोड लोकअदालतीत नोंदवा. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि कोर्ट फीही परत मिळते.

हे सगळं होईपर्यंत पाऊस सुरू झालेला असेल. काठाकडच्या खोलीत कोणाला झोपू देऊ नका. खाली कापलेल्या भागात मजुरांची मुलं खेळताना दिसली तर त्यांना तिथून उठवा, शेजाऱ्यांशी कितीही बिनसलेलं असलं तरी.