मयतीला रडण्याबद्दल

बाळा,

गावी कुणी गेलं की बायका हेल काढून रडतात, आणि कुणीतरी त्यांना दटावतं, "रडू नका, मयताला कबरीत अजाब (शिक्षा) होतो." हे खरं का, असं तू विचारलंस. हाच प्रश्न पैगंबर साहेबांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांच्यापुढे आला होता. त्यांचं उत्तर आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

इ.स. 644 मध्ये दुसरे खलिफा हजरत उमर यांच्यावर खंजिराचा वार झाला. त्यांचे सोबती सुहैब रडत आत आले, तेव्हा उमरनी त्यांना अडवलं: घरच्यांच्या रडण्याने मयताला अजाब होतो, असं पैगंबर साहेबांनी सांगितलंय. उमर यांचे चिरंजीव अब्दुल्लाही हेच सांगत. आयेशांच्या शिष्या अमरा यांची रिवायत (ऐकून पुढे सांगितलेली हकीकत) आहे, की हे कानावर आल्यावर आयेशा म्हणाल्या, अब्दुल्ला खोटं बोलले नाहीत. विसरले असतील किंवा चुकले असतील. मग त्यांनी मूळ प्रसंग सांगितला. एका यहुदी बाईसाठी घरचे रडत होते. पैगंबर साहेब म्हणाले, हे रडतायत आणि तिला कबरीत अजाब चाललाय. दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. ऐकणाऱ्याने एकीला दुसरीचं कारण केलं! दुसऱ्या एका रिवायतीत आयेशा कुरआनची आयत पुढे ठेवतात: कुणीही दुसऱ्याचं ओझं वाहत नाही.

प्रसंग कोणता, कुरआनशी जुळतं का, सांगणाऱ्याची आठवण पक्की आहे का, हे सगळं त्या पाहत. अब्दुल्ला इब्न अम्र (हे वेगळे अब्दुल्ला) यांनी सांगितलेली एक हदीस, म्हणजे पैगंबर साहेबांचं वचन, ऐकल्यावर वर्षभराने त्यांनी भाचे उरवा यांना पुन्हा त्यांच्याकडे पाठवलं. शब्द तेच निघाले, तेव्हा कुठे त्यांनी ती मान्य केली. सुमारे 2,200 हदीसा त्यांच्या नावावर आहेत, त्यामागे ही शिस्त आहे.

उमर यांची रिवायतही आलिमांनी (धर्माच्या अभ्यासकांनी) टाकली नाही. आपल्यामागे आक्रोश करा असं जो सांगून जातो त्याला ती लागू, असं बऱ्याच जणांनी धरलं. छाती बडवणं, कपडे फाडणं मना आहे, अश्रू नाहीत. मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबर साहेबांचेही डोळे वाहिले होते.

तेव्हा गावी कुणी हेल काढून रडत असेल तर जवळ बस, पाणी दे, हळू आवाजात दुआ सुरू कर. अजाबाचं नाव मात्र काढू नकोस.

तुझे अब्बा