‘नुमा नुमा’ म्हणजे काय?

प्रश्न असा आहे: ‘नुमा नुमा ये’ हे गाणं शाळेत असल्यापासून ऐकतोय. त्या ‘नुमा नुमा’ला काही अर्थ आहे, की ते ‘ला ला ला’सारखे नुसते बोल? शिवाय एका इंग्रजी भाषांतरात गाण्याचं नाव ‘लाइमच्या झाडातलं प्रेम’ असं वाचलं. लिंबाच्या झाडात कसलं प्रेम?

अर्थ आहे, आणि तो कळला की गाणं वेगळंच ऐकू येतं. लिंबाचा मात्र त्यात काही संबंध नाही.

आधी गाण्याबद्दल थोडं. नाव ‘द्रागोस्तेआ दिन तेय’, भाषा रोमानियन, गाणारे ओ-झोन हे मोल्दोव्हाचं त्रिकूट. गाणं 2003 साली रोमानियात आलं आणि 2004 च्या उन्हाळ्यात सगळ्या युरोपभर वाजलं. फ्रान्समध्ये 15 आठवडे, जर्मनीत 14 आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. युरोपच्या एकत्रित यादीतही ते 12 आठवडे अव्वल राहिलं आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. इटली आणि स्वीडनमध्ये हेच गाणं पहिल्या क्रमांकावर आलं, पण हायदुची या गायिकेच्या आवाजात. इंग्रजीचा आधार न घेता रोमानियनसारख्या भाषेतलं गाणं इतकं चढलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. ज्यांनी ते डोक्यावर घेतलं त्यांतल्या बहुतेकांना त्यातला एक शब्दही कळत नव्हता, म्हणून तर ‘नुमा नुमा’ हे नाव पडलं.

सुरुवातीचे ‘मायाही, मायाहू, मायाहो’ हे मात्र खरोखरच नुसते बोल आहेत. आपल्या कानाला त्यात ‘माया’ ऐकू येते, पण तिथे माया नाही. 2008 साली टी. आय. आणि रिहाना यांच्या ज्या गाण्याने अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला, त्यात उचललेत ते हेच बोल.

आता ‘नुमा’. मूळ ओळ उच्चाराप्रमाणे लिहिली तर ‘नु म, नु म येय’ अशी होईल. ‘नु’ म्हणजे नाही, ‘म’ म्हणजे मला, ‘येय’ म्हणजे तू घेतेस, नेतेस. आधीच्या शब्दांसकट अर्थ होतो: तुला निघायचं आहे, पण मला नेत नाहीस, मला नेत नाहीस. ज्यावर जगभर लोक हात उडवत नाचले, ती ओळ मागे राहिलेल्याची आळवणी आहे.

‘नुमा’ झालं ते लिपीमुळे. रोमानियनमध्ये ‘म’मधल्या स्वराच्या डोक्यावर वाटीसारखी एक खूण असते आणि तिचा उच्चार जवळजवळ आपल्या ‘अ’सारखा असतो. रोमनमध्ये लिहिताना लोकांनी खूण गाळली, दोन शब्द जोडले, आणि ‘नु म’चं ‘नुमा’ झालं. देवनागरीला यासाठी वेगळी खूण लागतच नाही. जाता जाता, रोमानियनमध्ये ‘नुमाय’ असा एक खराखुरा शब्द आहे, पण त्याचा अर्थ ‘फक्त’. गाण्यातला तो नव्हे.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ती गोष्ट. ‘नु म’ हे दोन शब्द संस्कृतात न्या: ‘न मा’. न म्हणजे नाही हे सांगायला नको. आणि ‘मा’ म्हणजे ‘मला’, ‘माम्’चं छोटं रूप. बृहदारण्यक उपनिषदातलं ‘असतो मा सद्गमय’ आठवा. ‘असत्याकडून मला सत्याकडे ने’ यातला ‘मला’ म्हणजे तो ‘मा’. अनेकांना तो गीतेतल्या ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’मधला नकारार्थी ‘मा’ वाटतो आणि प्रार्थनेचा अर्थ लावताना गोंधळ होतो. हे दोन ‘मा’ वेगळे आहेत. प्रार्थनेतला ‘मा’ आणि ओ-झोनच्या गाण्यातला ‘म’ हे मात्र सख्खे नातेवाईक आहेत, आणि गंमत पाहा, दोन्हीकडे मागणंही ‘मला ने’ हेच आहे.

हे नातं खरंच आहे की कानाला झालेला भास? अशी शंका घ्यायलाच हवी, कारण भास होतात. याच गाण्याचं जपानमध्ये काय झालं ते पाहा. तिथल्या कानांना ‘नु म, नु म येय’ हे ‘नोमा नोमा येई’ असं ऐकू आलं, म्हणजे ‘पिऊ या, पिऊ या’. त्यावर मांजराची चित्रफीत निघाली आणि 2005 साली गाणं तिथेही गाजलं. अशा चुकीच्या ऐकण्याला जपानीत ‘सोरामिमी’, म्हणजे पोकळ कान, असा सुंदर शब्द आहे. जपानी ‘नोमा’ आणि रोमानियन ‘नु म’ यांचं साम्य हा निव्वळ योगायोग. एक जोडी जुळते, पुढे काही जुळत नाही.

आपल्या बाबतीत मात्र एका मागोमाग एक जुळत जातं. रोमानियन ही लॅटिनची लेक. इसवी सन 106 मध्ये रोमन सम्राट ट्राजनने डेशिया, म्हणजे आजच्या रोमानियाकडचा प्रदेश, जिंकला, तेव्हापासून तिथे लॅटिन रुजली. लॅटिन आणि संस्कृत एकाच मूळ भाषेच्या शाखा. म्हणून नकाराचा ‘न’ दोन्हीकडे, ‘मी’चा ‘म’ दोन्हीकडे (आपल्या मला, मज, माझा यांतला), ‘तू’चा ‘त’ही दोन्हीकडे. आणि देण्याचा ‘द’सुद्धा, जो या गाण्यातल्या माझ्या सगळ्यात आवडत्या शब्दात आला आहे.

गाण्यातला नायक फोनवर बोलतोय. तो स्वतःला ‘हायदुक’ म्हणवतो, म्हणजे बाल्कन लोककथांमधला रानात राहणारा बंडखोर. आणि म्हणतो, मी तुला ‘बीप’ दिला. हा ‘बीप’ म्हणजे काय? आपला मिस्ड कॉल! एक रिंग वाजवायची आणि कापायचं, पैसे पडत नाहीत, पण आठवण पोहोचते. 2003 साली बुखारेस्टमधली पोरं तेच करत होती जे थोड्याच काळात पुण्या-मुंबईतल्या पोरांनी केलं. याच्या पुढचीच ओळ आहे, ‘पण लक्षात ठेव, मी तुझ्याकडे काही मागत नाही.’ मिस्ड कॉलची याहून चांगली व्याख्या माझ्या वाचनात नाही.

क्रियापद बघा. इंग्रजीत मिस्ड कॉल हा ज्याने उचलला नाही त्याचा असतो. मराठीत आपण तो ‘देतो’. रोमानियनमध्येही बीप ‘देतात’: ‘दात’ म्हणजे दिला. हा ‘दात’ लॅटिनमधून आलेला, संस्कृत ‘दत्त’चा भाऊबंद, आपल्या ‘दिलं’, ‘दान’ यांच्या मुळाशी असलेल्या ‘दा’ धातूच्याच घरातला. आणि ‘तुला’साठी तिथे जो शब्द आहे त्याचा पहिला वर्ण उच्चारायला हिंदी भाषकाला कष्ट पडतील, आपल्याला नाही: तो ‘चोर’, ‘चाक’ यांतला च आहे.

राहिलं लिंबू. ‘द्रागोस्ते’ म्हणजे प्रेम. हा शब्द लॅटिन नाही, शेजारच्या स्लाव्ह भाषांकडून आलेला. शेवटचा ‘आ’ म्हणजे ‘ते (ठरावीक) प्रेम’, कारण रोमानियन हे उपपद शब्दाच्या शेपटाला जोडते. ‘दिन’ म्हणजे मधलं. ‘तेय’ म्हणजे लिंडेन. या झाडाला ब्रिटिश इंग्रजीत लाइम म्हणतात, पण तो ‘लिंड’चाच बदलत गेलेला उच्चार आहे. फळाचं लाइम अरबीतून आलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. भाषांतर करणाऱ्याने ‘लाइम’ लिहिलं, वाचणाऱ्याला लिंबू दिसलं.

लिंडेन आपल्याकडे नाही, पण गणगोत आहे. सह्याद्रीत धामण नावाचं झाड आहे, त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘लिंडेनसारख्या पानांची’ असा होतो, आणि दोघांचं कुळ एकच, भेंडी-जास्वंदीचं. जूनच्या सुमारास लिंडेन फुलतो, फिकट पिवळ्या फुलांचा वास रस्ताभर पसरतो, फुलं वाळवून त्यांचा चहा करतात. रोमानियन कवी मिहाय एमिनेस्कुच्या कवितांमध्ये प्रेमिक या झाडाखाली भेटतात. याश शहरातल्या कोपोउ बागेत त्याच्या नावाचं लिंडेनचं झाड आजही जपलेलं आहे. म्हणून रोमानियन माणसाने ‘तेय’ ऐकलं की त्याला झाडाबरोबर तो वास आणि त्या कविता आठवतात.

मराठीत नाव द्यायचं झालं तर लिंडेनच्या जागी बकुळ किंवा चाफा घालण्याचा मोह होईल. मी घालणार नाही. ‘लिंडेनमधलं प्रेम’ असंच लिहीन आणि झाडाला त्याच्याच गावात राहू देईन.