वाचकांचे प्रश्न : मेनार्ड फर्ग्युसन थोर की केवळ दिखाऊ?

प्रश्न : आमच्या जॅझ ऐकणाऱ्या मित्रमंडळात कॅनडाचे ट्रम्पेटवादक मेनार्ड फर्ग्युसन (१९२८–२००६) यांच्यावरून दोन तट पडले आहेत. काहींना ते थोर वाटतात, तर काहींच्या मते ते वरच्या सुरांची नुसती कसरत करीत. आपले मत काय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : कसरतीचा आरोप अगदीच निराधार नाही. १९५० मध्ये स्टॅन केंटन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाल्यापासून त्यांची ओळख त्या अतिउंच, तरीही भरदार सुरांशीच जोडली गेली. आणि १९७७ मध्ये ‘रॉकी’ चित्रपटाच्या मुख्य धूनेचे त्यांनी केलेले वादन लोकप्रिय झाले, तेव्हा जुने जॅझरसिक नाराज झाले. (वरातीत बँडवाल्याने वरचा सूर लांबवला की नोटा ओवाळणाऱ्या आपल्या खानदेशाने या दिखाऊपणाला फार नाके मुरडू नयेत.) मात्र जो झाविनुल आणि वेन शॉर्टर हे पुढे जगभर गाजलेले कलावंत उमेदीच्या काळात त्यांच्याच वाद्यवृंदात वाजवत होते, आणि तरुण वादकांना पुढे आणण्याचा हा क्रम त्यांनी दशकानुदशके चालू ठेवला, ही बाब टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ते भारतात येऊन जे. कृष्णमूर्तींच्या ऋषी व्हॅली शाळेत राहिले व तेथे त्यांनी शिकवलेही. सत्तरच्या दशकातील काही ध्वनिमुद्रिका मला स्वतःला भडक वाटतात. १९५८ ची ‘अ मेसेज फ्रॉम न्यूपोर्ट’ मात्र आपल्या मंडळातील दोन्ही तटांनी एकत्र बसून ऐकावी.