एकाच काळ्या कातळातली आश्चर्ये

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. जगातील आगळ्यावेगळ्या ठिकाणांच्या ज्या याद्या फिरत असतात त्यांतील खरोखर पाहण्याजोगे काय आहे; आयर्लंडचा षटकोनी खांबांचा किनारा किंवा इथिओपियातील जमिनीत कोरलेली चर्चे यांच्या तोडीचे आपल्याकडे काही आहे का; आणि अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन दिवाळीच्या सुट्टीत त्यातले काय दाखवता येईल. मी यादी देणार नाही. यादीत प्रत्येक ठिकाण शेजारच्या ठिकाणापासून तुटलेले असते, आणि पाहणाऱ्याच्या हाती केवळ ‘किती विचित्र!’ एवढाच उद्गार उरतो. गेली अनेक वर्षे मी अशी ठिकाणे पाहतो आहे, आणि माझा अनुभव असा की एक दगड ओळखीचा करून घेतला तर दूरदूरची ठिकाणे आपोआप एका सूत्रात येतात. आपल्यासाठी तो दगड म्हणजे घराच्या जोत्याला, देवळाच्या पायरीला आणि पाट्या-वरवंट्याला वापरला जाणारा काळा पाषाण, म्हणजेच बेसॉल्ट.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. आजही या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दुरून जे आडवे पट्टे दिसतात ते हेच थर होत: टणक थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची उतरती पायरी होते, आणि आपले बहुतेक गिरिदुर्ग या रचनेचा फायदा घेऊनच उभे राहिले. हे एकदा ध्यानात आले की पुढचे सारे सोपे होते.

आता आयर्लंड. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर ‘जायंट्स कॉजवे’ या ठिकाणी सुमारे ४० हजार दगडी खांब एकमेकांना खेटून उभे आहेत आणि फरसबंदीसारखे समुद्रात उतरत जातात. १९८६ साली हे ठिकाण जागतिक वारशात समाविष्ट झाले. मी ते एकदाच पाहिले आहे, आणि पहिल्या क्षणी हे कुणी तरी घडवून बसवले असावे असेच वाटते. फिन मॅककूल नावाच्या महाकाय वीराने स्कॉटलंडला जाण्यासाठी हा रस्ता बांधला, अशी तिथली लोककथा आहे, आणि नवल असे की समुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरही तसेच खांब आहेत. खरे कारण आपल्या शेतात पाहायला मिळते. उन्हाळ्यात काळी जमीन वाळते, आकसते आणि भेगाळते. त्या भेगांचे जाळे नीट पाहिले तर पाच-सहा बाजूंचे तुकडे दिसतात. लाव्हाचा जाड थर वरून आणि खालून हळूहळू निवतो तेव्हा तोही असाच आकसतो, त्याच्या पृष्ठभागावर भेगा पडतात, आणि थंडावा जसजसा आत शिरतो तसतशा त्या भेगा आत उतरत जातात. ताण मोकळा होण्यासाठी तीन भेगा एका बिंदूतून सारख्या कोनांत फुटणे सर्वांत सोयीचे, म्हणून खांब बहुधा षटकोनी होतात. निवणे जितके संथ, तितका खांब जाड. जमीन वाळल्याने भेगाळते आणि लाव्हा निवल्याने, एवढाच काय तो फरक. आपली काळी माती ही याच बेसॉल्टची झीज होऊन तयार झाली आहे, ही गोष्ट मुलीला आवर्जून सांगा.

खांबांसाठी आयर्लंडला जाण्याची गरज नाही. मुंबईत अंधेरीला गिलबर्ट हिल नावाचा सुमारे ६० मीटर उंचीचा सुळका उभ्या खांबांचा बनलेला आहे आणि त्याच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. इमारतींच्या गर्दीत तो इतका वेढला गेला आहे की शेजारून रोज जाणाऱ्यांनाही तो दिसत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. कर्नाटकात उडुपीजवळ मालपेच्या समुद्रातील सेंट मेरी बेटांवरही उत्तम खांब आहेत, मात्र ते दख्खनच्या लाव्ह्याचे नाहीत. ते सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे, मादागास्कर आणि भारत एकमेकांपासून विलग झाले त्या काळातले आहेत, आणि त्यांचा दगडही वेगळ्या जातीचा आहे.

निघोजबद्दल थोडक्यात लिहितो. अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोज आणि पुणे जिल्ह्यातील टाकळी हाजी यांच्या दरम्यान कुकडी नदीने आपल्या कातळी पात्रात रांजणासारखे खोल खळगे कोरले आहेत. प्रवाहाच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे एकाच जागी गरगरत राहिले आणि त्यांनी कातळ गिरमिटासारखा पोखरला. काठावर मळगंगा देवीचे मंदिर आहे. धरणातून आवर्तन सुटलेले असेल तर पात्रात अजिबात उतरू नये, आणि पाणी कमी असले तरी खळग्यांच्या काठावरचा दगड गुळगुळीत असतो, त्यामुळे मुलीचा हात सोडू नये.

लोणारबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याच्याविषयी चुकीच्या गोष्टी फार पसरल्या आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील हे विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. ज्वालामुखीच्या खडकातला गोल खड्डा पाहून पूर्वीच्या भूशास्त्रज्ञांनी तो ज्वालामुखीचाच असावा असे मानले, आणि त्यांचे तसे मानणे अगदी स्वाभाविक होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील खडकांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले तेव्हा फेल्डस्पार या खनिजाचे काचेत रूपांतर झालेले आढळले. त्या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात, आणि ती निर्माण होण्यासाठी जो प्रचंड आघाती दाब लागतो तो ज्वालामुखीच्या स्फोटात उत्पन्न होत नाही. तो अवकाशातून अतिवेगाने येऊन आदळणाऱ्या वस्तूमुळेच निर्माण होतो. लोणार हे उल्काघाताचे विवर ठरले ते या पुराव्यामुळे.

त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे सांगितले जाई, आणि माहितीफलकांवर व पुस्तकांत अजूनही तेच आढळते. अलीकडे आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून केलेल्या मोजणीत ते ५ लाख वर्षांहून अधिक निघाले आहे. तसेच ‘बेसॉल्टमधील जगातले एकमेव विवर’ हे विधानही बरोबर नाही: ब्राझीलमध्ये व्हारझेआऊं आणि व्हिस्टा अलेग्रे ही बेसॉल्टच्या प्रदेशातीलच आघातविवरे आहेत, परंतु ती फार झिजलेली आहेत. लोणारचे खरे मोल त्याच्या तरुण, सुस्पष्ट आणि शाबूत आकारात आहे. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावरही बेसॉल्ट विपुल असल्यामुळे, तिथली विवरे समजून घेण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ बुलढाण्यातल्या या गावाकडे पाहतात, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, आणि त्यासाठी ‘एकमेव’ या खोट्या विशेषणाची काहीच आवश्यकता नाही.

विवराच्या तळाशी क्षारयुक्त सरोवर आहे, पण काठाच्या उतारावर गोड्या पाण्याची धार अखंड वाहते आणि तिथेच जुनी मंदिरे आहेत. खाली कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिचे पाणी एका बाजूला गोड आणि दुसऱ्या बाजूला खारट लागते असे गावकरी सांगतात. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पाणी आटून क्षारता वाढल्यावर खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. त्याच वर्षी सरोवराला ‘रामसर स्थळ’, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हा दर्जा मिळाला. आयर्लंडच्या लोकांनी आपल्या खांबांमागे महाकाय वीर पाहिला, तसा आपल्या पूर्वजांनी या खड्ड्यात लवणासुर पाहिला. विष्णूने त्याचा वध केला या कथेचे स्मरण म्हणून गावात दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर उभे आहे. ते चुकवू नका, पुष्कळ लोक सरोवर पाहून तसेच परत फिरतात.

इथवर निसर्गाची कामे झाली. आता याच कातळात माणसाने काय केले ते पाहू, आणि माझ्या मते आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी १६ व्या क्रमांकाचे कैलास लेणे हे बांधलेले मंदिर नाही. डोंगराच्या उतारात तीन बाजूंनी खोल चर खणून मधे एक प्रचंड ठोकळा सुटा केला, आणि तो ठोकळा वरून खाली कोरत आणला. प्रांगण सुमारे ८० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे, आणि मागची कातळभिंत ३० मीटरहून उंच आहे. बांधकामात आधी पाया येतो आणि शेवटी कळस. इथे कळस आधी आकाराला आला आणि पायाशी असलेले हत्ती सर्वांत शेवटी. त्यामुळे उंच परांची बांधण्याची फारशी गरज पडली नाही, कारण कारागीर ज्या कातळावर उभे होते तोच हळूहळू खाली जात होता. पण शिखर कोरतानाच खालचा सभामंडप, नंदीमंडप, त्यांना जोडणारे पूल आणि दोन्ही ध्वजस्तंभ कुठे येणार, हे ठरलेले असणे भाग होते, कारण काढलेला दगड परत लावता येत नाही.

हे काम मुख्यतः राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले जाते, आणि पुढेही त्यात भर पडत राहिली. बडोद्याला मिळालेल्या ८१२-१३ च्या ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या मंदिराचा उल्लेख आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, असे त्यात म्हटले आहे, आणि ज्याने ते घडवले त्या शिल्पीलाही ‘हे मी केले तरी कसे?’ असा विस्मय पडला, असेही त्यात आहे. आपल्याकडे मराठीतही एक जुनी कथा आहे. राणीने नवस केला की शिवमंदिराचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. सर्व कारागिरांनी हात टेकले, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या शिल्पीने कळसापासूनच काम आरंभून आठवडाभरात तो दाखवला. कथा इतिहास नसेल, पण कथा रचणाऱ्याला खोदकामाची रीत नेमकी ठाऊक होती, म्हणून ती मला फार प्रिय आहे.

हे काम परग्रहावरून आलेल्यांनी केले असे सांगणारे व्हिडिओ आपल्या मुलीच्या पाहण्यात येतीलच, किंबहुना आले असतील. त्यांचे उत्तर अर्धवट राहिलेल्या लेण्यांत आहे. अजिंठ्याचे २४ वे लेणे अपुरे सोडले गेले. अशा लेण्यांत काम कोणत्या टप्प्यांनी पुढे जाई ते उघड दिसते. आधी टिकावांनी समांतर अरुंद चर मारायचे, मधे उरलेल्या भिंती फोडून काढायच्या, आणि मग छिन्नीने पृष्ठभाग साफ करायचा. कैलासातून निघालेल्या दगडाचे अंदाज दीड लाख टनांपासून चार लाख टनांपर्यंत जातात. आकडा कोणताही घेतला तरी तो लोखंडी हत्यारांनी, माणसांच्या हातांनी काढलेला आहे, आणि ज्यांची नावे आपल्याला कळणार नाहीत अशा त्या माणसांचे श्रेय दुसऱ्या कुणाला देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

इथिओपियातील लालिबेलाची ११ चर्चे कैलासाची खरी भावंडे म्हणता येतील. तीही ज्वालामुखीजन्य खडकात कोरलेली आहेत. राजा लालिबेलाच्या नावाशी, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीशी आणि तेराव्याच्या आरंभाशी, ती जोडली जातात, आणि त्यांतील क्रुसाच्या आकाराचे संत जॉर्जचे चर्च भोवताली चर खणून, मधल्या ठोकळ्यातून कोरले आहे. मी लालिबेला पाहिलेले नाही, तिथे जाण्याची इच्छा मात्र अजून आहे. दोन्हींत फरक असा की कैलासात कलाकुसर बाहेरच्या अंगावर ओसंडते, तर तिथे बाहेरच्या भिंती साध्या आहेत आणि आत आजही उपासना चालते. तुर्कस्तानात कापादोकियाला दगड ज्वालामुखीच्या राखेचा, म्हणून मऊ. तिथे माणसाने चर्चांबरोबर जमिनीखाली राहण्याची गावेच कोरली. डेरिनकुयू हे त्यांपैकी एक सुमारे ८५ मीटर खोल आहे आणि त्याचे रस्ते बंद करण्यासाठी जात्यासारखे गोल दगडी दरवाजे आहेत.

आपल्या सुट्टीसाठी म्हणाल तर मुक्काम छत्रपती संभाजीनगरला ठेवावा. वेरूळ तिथून सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि मंगळवारी बंद असते. कैलास पश्चिमाभिमुख असल्यामुळे दुपारनंतरचे ऊन त्याच्यावर चांगले पडते. सकाळी इतर लेणी पाहून, तीननंतर कैलासात जावे. आधी बाजूच्या टेकडीच्या वाटेने, कठड्यापासून सुरक्षित अंतर राखून, वरून एकदा शिखर दाखवा आणि मग खाली प्रांगणात उतरा, म्हणजे काम कोणत्या क्रमाने झाले ते मुलीला न सांगता समजेल. उतरते ऊन तिरपे झाले की मागच्या कातळभिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा ठळक दिसू लागतात. त्यासाठी थोडा वेळ राखून ठेवा. लोणारला दुसऱ्या दिवशी पहाटे निघा, विवरात उतरून परत चढायला अर्धा दिवस सहज लागतो आणि खाली पिण्याचे पाणी सोबत न्यावे लागते. निघोज पुण्याच्या बाजूने परतताना वाट थोडी वाकडी करून होते. नदीला पाणी किती आहे ते निघण्यापूर्वी गावात विचारून घ्यावे.