ढाब्यावरची डाळ घरी का जमत नाही?

प्रश्न : ताई नमस्कार, हायवेवर ढाब्यात डाळ तडका खाल्ली की वाटतं हीच घरी करायची, पण माझी दरवेळी फोडणीचं वरण होऊन बसते, ताटात वाढली की पाणी एकीकडे आणि डाळ एकीकडे. मिस्टर म्हणतात ते लोक क्रीम घालतात. खरं आहे का?

उत्तर : नाही हो, पिवळ्या डाळीत क्रीम लागतच नाही, ते दाल मखनीचं काम, तिथे अख्खे काळे उडीद आणि थोडा राजमा असतो. तुमची डाळ शिजते पण मिळून येत नाही, एवढंच होतंय. ढाब्यावर डाळ आधीच शिजवून, घोटून ठेवलेली असते, ऑर्डर आली की कढईत मसाल्यावर घेऊन पुन्हा उकळतात. आपण मात्र कुकर उघडला की फोडणी ओतून पाच मिनिटांत मोकळे.

नुसती तूर नको. पाऊण वाटी तूर, पाव वाटी चणाडाळ घ्या, अर्धा तास भिजवा, साडेतीन वाट्या पाणी, हळद, हिंग, चमचाभर तेल आणि 4-5 शिट्ट्या. टोमॅटो कुकरमध्ये टाकू नका, आंबटाने डाळ लवकर मऊ होत नाही. झाकण पडलं की गरम असतानाच रवीने घोटा, पण पार पीठ करू नका, चणाडाळीचा एखादा दाणा दिसायला हवा.

आता खरी मेहनत मसाल्यात आहे. तेलात जिरं, बारीक चिरलेला कांदा चांगला ब्राऊन होईपर्यंत, मग आलं-लसूण ठेचून, हिरवी मिरची, टोमॅटो, आणि टोमॅटोला कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं, दहा मिनिटं तरी जातात, जाऊ द्या. धणेपूड, तिखट, मीठ घालून डाळ ओता, पातळ करायची तर उकळतं पाणी, आणि मंद गॅसवर 15-20 मिनिटं राहू द्या, मधेमधे तळापासून हलवत. पळीतून सोडली की डाळ सलग धारेने पडली पाहिजे, पाण्यासारखी टपटप नाही. शेवटी कसुरी मेथी तळहातावर चोळून. सवयीने गोडा मसाला आणि गुळाकडे हात जातो तो तेवढा आवरा, त्याची आमटी होते, छानच होते, पण ती ढाब्याची डाळ नाही.

प्रश्न : ताई, मी रूमवर राहतो, डाळ बरी होते पण वरून लसणाचा तडका दिला की कडू लागते. काय चुकतं?

उत्तर : लसूण जळतोय रे. तू बहुतेक तो लाल होईपर्यंत गॅसवर ठेवत असशील, पण गॅस बंद केल्यावरही गरम तुपात तो तळला जातच असतो. फार बारीक चिरू नकोस, जाडसर काप कर. दोन चमचे तूप मध्यम गरम कर, जिरं तडतडलं की लसूण टाक, कापांच्या नुसत्या कडा सोनेरी दिसल्या की दोन सुक्या मिरच्या आणि लगेच गॅस बंद. मग अर्धा चमचा काश्मिरी तिखट, आणि एक सेकंदही न थांबता ते डाळीवर ओत, चर्र आवाज यायला हवा, वरून झाकण ठेव. तिखट गॅस चालू असताना घातलंस तर काळं पडतं आणि तोही कडवटपणा येतोच.

प्रश्न : तो धुराचा वास घरी कसा आणायचा?

उत्तर : लाकडी कोळशाचा तुकडा गॅसवर लालबुंद करा, डाळीच्या मधोमध छोटी स्टीलची वाटी ठेवून त्यात तो निखारा टाका, वर चमचाभर तूप, आणि धूर निघाला की घट्ट झाकण. दोनच मिनिटं, जास्त ठेवलं तर डाळीला राखेसारखी चव लागते. खिडकी मात्र उघडी ठेवा, आणि वाटी काढताना चिमट्याने काढा, बोटं भाजतात.