खाऱ्या पाण्याची टाकी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (डोंबिवली) : कुर्ल्याहून क्लाउनफिशची जोडी आणि एक ब्लू टँग आणला. मासे वरवर ठणठणीत दिसतात. दुकानदार म्हणाला, खबरदारी म्हणून कॉपर, प्राझिक्वांटेल आणि मेट्रोनिडाझोल पहिल्याच दिवशी घाला आणि पंधरा दिवसांनी मासे मुख्य टाकीत सोडा. क्वारंटाइनची (नवे मासे वेगळे ठेवायची) टाकी ६० लिटरची आहे. असं करावं का?

उत्तर : कॉपर (परजीवींवरचं तांब्याचं औषध) द्या, प्राझिक्वांटेलही (कृमींवरचं औषध) द्या, पण दोन्ही एकदम नको. मेट्रोनिडाझोल बाजूला ठेवा. मासा खाऊनही खंगत असेल आणि पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकत असेल, तेव्हा ते खाण्यातून द्यायचं. लक्षण नसताना ते देण्यात अर्थ नाही.

आधी मासे टाकीत कसे सोडायचे ते बघा. बरेच दुकानदार पाणी १.०१८ ते १.०२० (विशिष्ट गुरुत्व) एवढंच खारं ठेवतात. पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याचं साधन) तपासा, क्वारंटाइनची टाकी त्याच क्षारतेला लावा आणि पुढे रोज ०.००२ पेक्षा जास्त न वाढवता १.०२५ पर्यंत न्या. कुर्ला ते डोंबिवली प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

पहिले दोन-तीन दिवस औषध नको. मासा खायला लागू दे. अपवाद एकच. अंगावर सोनेरी भुकटीसारखी बारीक पूड दिसत असेल आणि कल्ले भराभर उघडमीट करत असतील, तर तो व्हेल्वेट हा परजीवी आहे. तो दोन दिवसांत टाकी रिकामी करतो, त्यामुळे कॉपर त्याच दिवशी सुरू करा.

कॉपरचा डोस टाकीच्या मापावर मोजू नका. ६० लिटरच्या टाकीत पाणी जेमतेम ५० लिटर मावतं. टाकी बादलीने मोजून भरा आणि पाण्याच्या पातळीवर काचेला चिकटपट्टी लावा. बाष्पीभवनाने पातळी उतरली की त्या खुणेपर्यंत आरओचं (फिल्टरने क्षार काढलेलं) गोडं पाणी घाला. चिलेटेड (दुसऱ्या रेणूंनी बांधलेलं) कॉपर असेल तर २.० ते २.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) पातळी लागते, साध्या आयनिक प्रकारात ०.५ पुरते. दोन्हींची गल्लत झाली तर मासे हातचे जातात, म्हणून बाटलीवर कोणता प्रकार लिहिला आहे ते आधी वाचा. चिलेटेड कॉपर पहिल्या दिवशी १ पीपीएमपर्यंत आणि तिथून तीन-चार दिवसांत २.० पर्यंत चढवा. टँगने खाणं सोडलं तर एक दिवस तिथेच थांबा.

तीस दिवस मोजायचे ते २.० गाठलेल्या दिवसापासून. पंधरा दिवस का पुरत नाहीत? पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या अंगावर असताना कॉपर त्याला काही करत नाही, आणि तळाशी कोष करून बसला असतानाही नाही. कोष फुटून पोहत निघालेलं पिल्लूच तेवढं मरतं, आणि काही कोष आठवडे-आठवडे फुटत नाहीत. मधे एकदा जरी पातळी २.० खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

कॉपरचे दिवस संपल्यावर फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन घालून आणि पाणी बदलून ते काढा आणि मग प्राझिक्वांटेल द्या. हे कल्ल्यांवरच्या आणि त्वचेवरच्या चपट्या कृमींसाठी. प्रति लिटर २.५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या ५० लिटरला १२५ मिलिग्रॅम शुद्ध पावडर. त्याआधी कार्बन काढून घ्या. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, लहान बाटलीत पाणी घेऊन जोरात हलवा. औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून मधे ३० टक्के पाणी बदलून सातव्या दिवशी दुसरा डोस. डोसानंतर पाणी गढूळ झालं तर जिवाणू वाढून ऑक्सिजन खातायत असं समजा आणि हवेचे बुडबुडे सोडणारा दगड आणखी एक लावा.

मासा सुरुवातीपासून अंग घासत असेल तर क्रम उलटा करा, आधी प्राझिक्वांटेल. खात्री करायची असेल तर तापमान जुळवलेल्या, चिमूटभर खाण्याच्या सोड्याने पीएच वर आणलेल्या आरओच्या पाण्यात हवा लावून पाच मिनिटं मासा ठेवा. कृमी असतील तर काळ्या बादलीच्या तळाला तिळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके पडलेले दिसतात.

क्लाउनफिशवर मात्र विशेष लक्ष ठेवा. अंगावर पांढुरका चिकट थर आला आणि मासा पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकू लागला, तर तो ब्रुक्लिनेला हा परजीवी. त्यावर कॉपर चालत नाही. १० लिटर पाण्यात ३७ टक्क्यांचं फॉर्मेलिन १.५ मिली, भरपूर हवा, ३० मिनिटं, आणि मासा लोळला की लगेच बाहेर. हातमोजे घाला, खिडकी उघडा. तळाला पांढरा साका जमलेली बाटली वापरू नका.

प्रश्न (विलेपार्ले) : कॉपर मोजून घालते, तरी रोज कमी दाखवतं. टाकीत लपायला थोडा लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला समुद्री दगड) आणि शंख ठेवलेत.

उत्तर : तेच कारण. चुनखडीचा दगड आणि शंख कॉपर ओढून घेतात आणि नंतर केव्हाही सोडतात. दोन्ही काढा, तो दगड परत रीफमध्ये (प्रवाळांच्या टाकीत) घालू नका. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो (वाकडे जोड) द्या. कार्बन आणि यूव्ही दिवाही बंद ठेवा. चाचणीचा संच चिलेटेड कॉपर मोजणारा आहे ना, तेही बघा.

दगड काढल्यावर जिवाणूंचा आधार जातो, म्हणून स्पंज फिल्टर चार आठवडे आधीपासून मुख्य टाकीच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवून मुरवा. कॉपरमध्ये वापरलेला स्पंज तिथे परत नेऊ नका. अमोनिया वाढला तर पाणी बदला. ताज्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळून घ्या. अमोनिया बांधणारी द्रावणं कॉपरबरोबर वापरू नका, काही प्रकारांत कॉपर एकदम जास्त विषारी होतं.

प्रश्न (दादर) : मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर जातं. उष्णतेने परजीवीचं चक्र लवकर संपतं म्हणतात, मग हीटरही लावू का?

उत्तर : नको. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि माशाची गरज जास्त, त्यात औषध. २६–२७ अंशांवर आणायला पाण्यावर पंखा लावा. पाणी झपाट्याने उडेल, म्हणून क्षारता सकाळ-संध्याकाळ बघा आणि गोडं पाणी थोडं थोडं घाला.

प्रश्न (ठाणे) : नवे मासे क्वारंटाइनमध्ये आहेत, त्यांच्यासोबत आलेली कोळंबी आणि गोगलगायही तिथेच ठेवू?

उत्तर : कॉपरमध्ये ती जगणार नाहीत. मासे नसलेल्या वेगळ्या टाकीत ७६ दिवस ठेवा. तिथे परजीवीला मासाच मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यावरून आलेले कोषही संपतात. त्या टाकीची जाळी आणि बादलीही वेगळी ठेवा.