"साहेब, इन्सर्ट कुठे ठेवलेत?"

"मॅडम, माणसांसाठी एवढं करतो, आणि तीच डोक्यावर बसतात. आता कडकच वागायचं का?"

हिंजवडीतली टीम लीड असो की लक्ष्मी रोडवरचा दुकानदार, हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्यासमोर इतक्यांदा आलाय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. भोसरीच्या एका कारखानदाराची गोष्ट सांगते. परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ते गुरुवारी यायचे, एमआयडीसीची सुट्टी धरून. वडिलांनी उभं केलेलं जॉबवर्कचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने सुटे भाग करून देणारं युनिट, तीसेक कामगार. वडील म्हणजे जमदग्नी. त्यांच्या धाकाने पोरं बिघडलेला भाग भंगारात लपवायची. मुलाने ठरवलं, आपण असं वागायचं नाही. कुठल्याशा कार्यशाळेत 'सेवक नेतृत्व' ऐकलं, म्हणजे आधी हाताखालच्या माणसांची सेवा आणि मग नेतृत्व, आणि ते मनापासून पटलं. ऑपरेटर आला नाही की हे स्वतः मशीनवर उभे. उचल मागितली की दिली. कुणाच्या आईला रात्री दवाखान्यात न्यायचं तर गाडी यांचीच.

याचा फायदा झाला नाही असं मुळीच नाही. माणसं टिकली. एका पोराने डिस्पॅचच्या आदल्या संध्याकाळी येऊन सांगितलं, "साहेब, माझ्याकडून अख्खी बॅच अंडरसाइज गेलीय." म्हणजे मापापेक्षा लहान. वडिलांच्या काळात ही बातमी गिऱ्हाइकाकडून कळली असती! ही निर्भयता पगार वाढवून विकत मिळत नाही.

पण साहेबांची झोप उडाली होती, कोटेशनं पडून राहत होती, आणि जुन्या सुपरवायझरने राजीनामा पुढे केला होता.

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, मी पोरांना नाही म्हटलं की ती थेट तुमच्या केबिनमध्ये येतात. तुम्ही हो म्हणता. मग मी कशाला?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुट्टी असली तरी ओव्हरटाइमला दोन मशीन चालू होत्या. "साहेब, इन्सर्ट कुठे ठेवलेत?" इन्सर्ट म्हणजे मशीनच्या हत्याराला लावायची कापणारी टोकं. यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "डावं कपाट, दुसरा खण."

मी विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच."

हे बोलून ते थांबले. बराच वेळ फोन हातात तसाच. मीही गप्प राहिले. पंधरा वर्षांत एवढं शिकले आहे की अशा शांततेत आपण बोललो तर सगळं वाया जातं. मग ते हळूच म्हणाले, "मॅडम, सेवाबिवा काही नाही. मला फक्त बाबांसारखं व्हायचं नव्हतं."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. हट्टी 'झालंच पाहिजे' माणसाला त्रास देतं, असं ती सांगते, त्यामुळे माझा कान 'च'वर असतो. 'सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे' हा साहेबांचा 'च'. नकार देणं म्हणजे बाबा होणं, असं समीकरण त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

सेवक नेतृत्वाची कल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली एका निबंधात मांडली. एटी अँड टीसारख्या अवाढव्य टेलिफोन कंपनीत त्यांनी जवळपास चार दशकं नोकरी केली होती. म्हणजे हा माणूस भाबडा नव्हता. त्यांची कसोटी अशी: ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का? अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र झाली का? इन्सर्टचा खण विचारणारा पोरगा या कसोटीत नापास, आणि त्याला नापास करणारे आपले साहेब.

या पद्धतीचे तोटे मला दिसतात ते इथेच. प्रत्येकाचं ऐकत बसलं की निर्णय लांबतो. मधल्या माणसाचा अधिकार नकळत पोखरला जातो. कामचुकाराला सांभाळून घेताना त्याचं ओझं कष्टाळू माणसावर पडतं, आणि तो तक्रारही करत नाही, एक दिवस निघून जातो. आपल्याकडे मालक म्हणजे मायबाप ही सवय जुनी, त्यामुळे मऊपणाला लोक पटकन दुबळेपणा समजतात. तरी म्हणून वडिलांचा मार्ग बरा, असं मी म्हणणार नाही. अंडरसाइज बॅच आठवा.

पुढे काय करायचं याची यादी मीच लिहायला घेतली होती. दोन ओळी झाल्यावर लक्षात आलं, मीही खणच सांगतेय! पॅड त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी लिहिलं: रजा आणि शिफ्टचा निर्णय सुपरवायझरचा, माझ्याकडे आलेल्याला परत पाठवायचं. मशीनवर उभं राहायचं ते शिकवण्यासाठी, भरपाईसाठी नाही. उचलीला नियम.

सुपरवायझरने राजीनामा मागे घेतला. दोन पोरं नाराज होऊन सोडून गेली, त्यातल्या एकाचं यांना अजून वाईट वाटतं. उचलीचा नियम मात्र झालेला नाही. "दिवाळीनंतर बघू," म्हणतात. दिवाळीनंतरचा पहिला गुरुवार मी डायरीत लिहून ठेवलाय.